बंद कोळसा खाणीच्या जमिनीचे पुनरुज्जीवन : ऋतूनुसार कामांची आखणी कशी करावी?

नकाशावाला

बंद पडलेल्या एका खुल्या कोळसा खाणीच्या जमिनीसाठी वर्षभराच्या कामांचा आराखडा तयार करण्याचे काम आमच्या लहानशा गटाकडे आले आहे. जागेच्या मधोमध निम्मा पाण्याने भरलेला खड्डा आहे. त्याच्या दोन बाजूंना ओबीचे, म्हणजे कोळशाच्या वरून काढलेल्या माती-दगडांचे, उंच ढिगारे आहेत. त्यांतल्या एका ढिगाऱ्याच्या पायथ्याशी खाण सुरू होताना काढून ठेवलेली सुपीक माती साठवलेली आहे. एका अंगाला त्याहून जुन्या भूमिगत खाणीचे बोगदे आहेत आणि त्यांपैकी दोन तोंडे अजून उघडी आहेत. पाऊस वर्षातले चार महिने लागून पडतो, उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात.

मी केलेला कच्चा आराखडा असा आहे. उन्हाळ्यात डोझरने ढिगाऱ्यांचे उतार कमी करायचे आणि खड्डे खणून ठेवायचे. पहिले दोन-तीन पाऊस झाले की साठवलेली माती पसरायची, कारण कोरड्या मातीची धूळ फार उडते आणि ओली माती चांगली बसते. लगेच त्याच आठवड्यात रोपे लावायची. पाण्याच्या निचऱ्याचे चर पावसात पाणी कुठून वाहते ते पाहून, म्हणजे पावसाळ्याच्या मध्यावर, काढायचे. पावसाळा संपला की उघडी तोंडे बंद करायची.

कागदावर हे सरळ दिसते, तरी कामांच्या क्रमाविषयी मनात शंका आहे. ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांनी यातील चुका स्पष्ट सांगाव्यात.

मृदगंध

नकाशावाला, आपल्या आराखड्यातील सर्वांत महाग पडणारी चूक 'ओली माती चांगली बसते' या वाक्यात आहे. ती चांगली बसते हे खरे आहे आणि नेमका तोच धोका आहे. शेतकरी वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही. मग पन्नास-साठ टनांचा डंपर ओल्या मातीवर कसा घालायचा? मातीतल्या मोठ्या पोकळ्या चेपल्या जातात, पाणी आणि हवा आत जाण्याचे मार्ग बुजतात. चिकण मातीची घनता दर घन सेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास गेली की बहुतेक झाडांच्या मुळांना ती भेदणे जड जाते. रेताड मातीत ही मर्यादा थोडी वर असते. एकदा अशी दडपलेली माती पूर्ववत व्हायला पुढे कित्येक वर्षे लागतात.

माती हलवण्यायोग्य आहे की नाही हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. साठ्याच्या आतून मूठभर माती घ्यावी, तिचा गोळा करावा आणि तळहातांमध्ये किंवा सपाट फळीवर तिची वळी वळावी. तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता होत असेल तर त्या दिवशी यंत्र उभेच राहू द्यावे. त्या जाडीला येण्याआधीच ती भुगा होऊन तुटत असेल तर काम सुरू करावे. ही तपासणी रोज सकाळी आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा करावी, आणि साठ्याच्या पृष्ठभागावरची माती घेऊ नये, कारण वरची वीतभर माती वाळलेली असताना आतली ओल तशीच राहिलेली असते.

धुळीचा प्रश्न खरा आहे, पण तो टँकरने हॉल रोडवर, म्हणजे डंपरच्या ये-जा करण्याच्या रस्त्यावर, पाणी मारून सोडवावा. पाणी रस्त्यावर मारायचे, मातीवर नाही.

साठ्याविषयी आणखी एक सांगणे आहे. सुपीक मातीचा ढीग दोन-तीन मीटरपेक्षा उंच असेल आणि बरीच वर्षे पडून असेल तर त्याच्या पोटातील मातीला हवा मिळालेली नसते. खणताना ती करडी-निळसर दिसते आणि आंबूस वास येतो. तिच्यातील बुरशीचे धागे, गांडुळे, तगलेले बी हे सारे बहुतांशी संपलेले असते. ती टाकून द्यायची नाही, मात्र तिला 'सुपीक' म्हणून तिच्यावर सगळी भिस्त ठेवायची नाही. ढिगाचा वरचा थर आणि आतला माल वेगळे उचलावेत आणि पसरताना वरचा थर वरच राहील असे पाहावे. माती टाकून झाली की त्या पट्ट्यावर पुन्हा एकही चाक जाणार नाही, असा वाहनांचा मार्ग आधी आखून घ्यावा. टोकाकडून सुरुवात करून मागे मागे सरकत यावे, जसे आपण फरशी पुसताना दाराकडे सरकतो.

खाणसर्वेक्षक

मातीच्या आधी ढिगाऱ्याचा विचार करावा लागतो, आणि ढिगाऱ्याच्या आधी पाण्याचा. चर पावसाळ्याच्या मध्यावर काढण्याची कल्पना कृपया आराखड्यातून काढून टाका. तोवर पाण्याने आपले चर स्वतःच काढलेले असतील आणि ते आपल्याला नको तिथे असतील.

वेल्समधील ॲबरफॅन येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीचा ढिगारा खाली घसरला आणि १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. तो ढिगारा जमिनीतून झरे फुटत असलेल्या उतारावर रचला गेला होता आणि घसरण्याआधी बराच पाऊस झाला होता. जर्मनीत नाखटरश्टेट येथे १८ जुलै २००९ रोजी, लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, जुन्या खाणीत तळे भरत असताना काठाचा भराव घरांसह पाण्यात गेला आणि तिघांचा मृत्यू झाला. पहिली खाण चालू होती, दुसरी केव्हाच बंद झालेली होती. दोन्हीकडे पाणी नजरेआड होते.

म्हणून पाहणीचा योग्य काळ पाऊस नुकताच संपल्यावरचा आहे. त्या पंधरा-वीस दिवसांत ढिगाऱ्याच्या पायथ्याशी कुठे झिरपा आहे, कुठे गवत अवेळी हिरवे राहिले आहे, माथ्यावर कडेला समांतर भेगा पडल्या आहेत का, हे सारे उघडे दिसते. दोन महिन्यांनी तीच जागा कोरडी ठणठणीत असते आणि नकाशावर काहीच उमटत नाही. या पाहणीवरून कोरड्या दिवसांच्या सुरुवातीलाच क्रम लावावा: प्रथम पायथ्याची भिंत आणि गाळ अडवणारे तळे, मग गारलँड ड्रेन, म्हणजे ढिगाऱ्याला वेढून पाणी वळवणारा चर, आणि त्यानंतर उतार घडवण्याचे काम. गाळाचे तळे आधी हवे, कारण उतार तोडताना अवकाळी पाऊस आला तर सुटलेला माल अडवायला खाली काहीतरी असले पाहिजे. ढिगाऱ्याचा माल आपोआप सुमारे ३५ ते ३७ अंशांवर स्थिरावतो. तो कोन झाडांना आणि मातीला परवडत नाही. तीनास एक (तीन मीटर आडव्या अंतराला एक मीटर उंची) किंवा त्याहून सौम्य उतार मिळाला तर वरची माती टिकते.

जुन्या भूमिगत खाणीकडे वेगळ्या नजरेने पाहा. खांब ठेवून कोळसा काढलेला असेल, म्हणजे बोर्ड अँड पिलर पद्धत असेल, तर वरची जमीन अनेक दशकांनंतरही खचू शकते. त्या पट्ट्यात जड यंत्रे नेण्यापूर्वी जुने नकाशे मिळवा आणि पावसाळ्यानंतर जमिनीवर कुठे बशीसारखे खळगे पडून पाणी साचले आहे ते नोंदवा.

खाली कोळसा धुमसत असल्याने भेगांतून ऊब येत असेल तर ती थंडीच्या दिवसांत पहाटे शोधावी. आजूबाजूची जमीन गार असते तेव्हा तापलेली जागा थर्मल कॅमेऱ्यात ठळक दिसते. आणि कॅमेरा नसला तरी भेगेतून निघणारी वाफ डोळ्यांना दिसते. उन्हाळ्याच्या दुपारी काळा दगड सगळाच तापलेला असतो, तेव्हा काहीही कळत नाही. झारखंडमधील झरियाची आग १९१६ पासून आणि पेनसिल्व्हेनियातील सेंट्रेलियाची १९६२ पासून जळते आहे, यावरून ही तपासणी पुढच्या वर्षावर ढकलू नये एवढे समजून घ्यावे.

जलरेषा

खड्ड्यातील पाण्याबद्दल कुणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो.

कोळशाच्या थरांसोबत बहुधा पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असते. ते हवा आणि पाणी यांच्या संपर्कात आले की गंधकाम्ल तयार होते आणि काही जिवाणू ही क्रिया बरीच वेगवान करतात. कोरड्या महिन्यांत उघड्या दगडांवर आणि घळींच्या काठांवर पांढरट-पिवळी पापडी धरलेली आपल्याला दिसेल. बोटाने खरवडली तर भुगा होतो. हे साठलेले सल्फेट क्षार असतात. पहिल्या जोरदार पावसात ते विरघळतात आणि वर्षभरातले सर्वांत आम्लयुक्त, सर्वांत लोहयुक्त पाणी त्या पहिल्या काही तासांत ओहळाला लागते. त्यानंतर आठवडाभराने नमुना घेतला तर सामू (पीएच) समाधानकारक दिसू शकतो आणि अहवालही तसाच लिहिला जातो. म्हणून नमुना घेणारा माणूस, बाटल्या आणि सामूमापक हे पाऊस येण्यापूर्वीच जागेवर तयार असावेत. ओहळाच्या तळाला केशरी साका बसलेला असेल तर नमुन्याची वाट न पाहता खाली लोक किंवा जनावरे ते पाणी वापरतात का, हे पाहावे.

उपाय पावसाआधीचाच आहे. ओबीचे नमुने घेऊन त्यांत गंधक किती आणि आम्ल निवारणारे कार्बोनेट किती, याचा हिशेब करावा लागतो. पायराइटमधील गंधक १ टक्का असेल तर दर १,००० टन मालामागे ३१.२५ टन शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागते. मालात आधीच असलेले कार्बोनेट त्यातून वजा होते. चुनखडीची भुकटी नुसती वर पसरून भागत नाही, ती मिसळावी लागते आणि तिला काम करायला वेळ द्यावा लागतो. लागवडीच्या आठवड्यात चुनखडी टाकणे म्हणजे पाहुणे दारात आल्यावर तांदूळ निवडायला बसणे होय. आम्लधर्मी माल ओळखता आला तर तो उतार घडवतानाच खोल गाडून वर चांगला माल येईल असे करावे, हे चुनखडीपेक्षा स्वस्त पडते.

पंप बंद झाल्यावर भूजल वर येत राहते आणि ही चढण काही ठिकाणी दशकांपर्यंत चालते. भराव पहिल्यांदा पाण्याने भिजला की तो खचतोही. त्यामुळे खड्ड्याच्या काठाजवळ यंदा कोरड्या दिसणाऱ्या पट्ट्यावर कायमचे काही उभारू नये. पाण्याची पातळी निदान महिन्यातून एकदा, एकाच ठिकाणी आणि एकाच खुणेवरून मोजत जावी.

नकाशावाला

सर्वांचे आभार. माझा आराखडा जवळजवळ उलटा करावा लागेल असे दिसते.

एक विसंगती मात्र मला सुटत नाही. मृदगंध म्हणतात की माती मोकळी राहिली पाहिजे. खाणसर्वेक्षकांच्या सांगण्याचा मी लावलेला अर्थ असा की ढिगारा घट्ट असला पाहिजे. आमच्या यंत्रचालकाला तर उतार आरशासारखा गुळगुळीत झाला की काम झाले असे वाटते, आणि देयकाच्या वेळी तपासणीला येणाऱ्यांनाही तसेच वाटते. मग कुणाचे ऐकायचे?

मृदगंध

या प्रश्नावर अमेरिकेत चांगलीच किंमत मोजली गेली आहे. तिथे १९७७ मध्ये खुल्या कोळसा खाणींच्या पुनरुज्जीवनाचा केंद्रीय कायदा झाला. त्याआधी ढिगारे कसेही सोडले जात, दरडी कोसळत, नद्या गाळाने भरत. कायद्यानंतर जमिनीला साधारण मूळचा आकार देणे बंधनकारक झाले. ढिगारे स्थिर झाले हे निर्विवाद आहे. पण डोझर पुन्हा पुन्हा फिरवून पृष्ठभाग इतका चोपला गेला आणि त्यावर धूप थांबवण्यासाठी इतके दाट गवत पेरले गेले की पूर्वी जंगल असलेल्या ॲपलाशियन डोंगरांत झाडे वाढेनाशी झाली. २००४ मध्ये तिथे वनीकरणाचा एक संयुक्त उपक्रम सुरू झाला आणि त्याने वेगळी रीत रूढ केली: मुळांसाठी किमान चार फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर जाडीचा योग्य माल. तो शक्य तितक्या कमी फेऱ्यांत, ओबडधोबड राहील असा पसरलेला. झाडांना दडपून न टाकणारे विरळ गवत. लवकर वाढणारी आणि सावकाश वाढणारी अशा दोन्ही प्रकारची झाडे. आणि नीट लावलेली रोपे.

त्या खडबडीत पृष्ठभागावर पाऊस वाहून जाण्याऐवजी खाचखळग्यांत थांबतो आणि मुरतो. पाहणाऱ्याला मात्र काम अर्धवट सोडल्यासारखे वाटते, हे आपले म्हणणे खरे आहे.

खाणसर्वेक्षक

मृदगंध यांच्याशी मी सहमत आहे, पण एका अटीवर. मुळांचा थर मोकळा असावा, त्याखालचे ढिगाऱ्याचे अंग नव्हे. भराव थराथराने टाकून दाबलेला असावा, पायथ्याशी पाणी बाहेर पडायला मोकळी वाट असावी, आणि शेवटचा मीटर-सव्वा मीटर मोकळा टाकावा. तीव्र उतारावर सगळाच माल मोकळा सोडला तर पहिल्या मोठ्या पावसात मोकळा थर भिजून जड होतो आणि खालच्या घट्ट थरावरून चादरीसारखा सरकतो. दोन थरांमधला सांधा गुळगुळीत ठेवू नये. खालचा पृष्ठभाग रिपरच्या, म्हणजे डोझरमागे लावलेल्या जमीन फोडणाऱ्या औजाराच्या, दातांनी ओरखडून घ्यावा, म्हणजे वरचा थर त्यात अडकतो.

आणि निविदेत 'गुळगुळीत' हा शब्द असेल तर तो आत्ताच काढून टाका. काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिकेशी भांडता येत नाही.

मृदगंध

ही अट मान्य आहे. रिपरचा विषय निघालाच आहे तर त्याचाही ऋतू सांगतो. आधीच चोपून ठेवलेली जमीन फोडायची असेल तर ती पूर्ण वाळलेली असताना, म्हणजे कोरड्या काळाच्या उत्तरार्धात फोडावी. कोरडा थर दाताच्या दोन्ही बाजूंना तडकत जातो आणि उकलतो. तोच दात ओल्या चिकणमातीतून ओढला तर लोण्यातून सुरी गेल्यासारखी एक चीर पडते, तिच्या भिंती लिंपल्या जातात आणि यंत्राचे तेल तेवढे जळते. रिपर उताराला आडवा, समपातळीवर चालवावा; वर-खाली चालवला तर प्रत्येक चिरेचा पावसाळ्यात ओघळ होतो.

रोपवाटिका

मी झाडांच्या बाजूने लिहिते. लागवड हे वर्षाचे पहिले काम समजले जाते, प्रत्यक्षात ते शेवटचे असते. लागवडीचा दिवस धरून उलटे मोजत गेले की बाकीच्या तारखा आपोआप सापडतात. खाणजमिनीवर टिकायला रोप दणकट मुळांचे लागते, आणि असे रोप तयार व्हायला बहुतेक जातींना सहा महिने ते वर्षभर लागते. बी त्याच्याही आधी, ज्या त्या झाडाच्या हंगामात गोळा करावे लागते. म्हणजे आपण आज लागवडीचा विचार करत असाल तर बियाण्याचा हंगाम एक तर चालू आहे किंवा हुकला आहे. हुकला असेल तर यंदा उतार, निचरा, गवत आणि शेंगावर्गीय झुडपे एवढेच घ्यावे आणि झाडे पुढच्या वर्षी लावावीत. हे सांगितले की बैठकीत शांतता पसरते, पण बाजारातून मिळतील ती रोपे आणून लावण्यापेक्षा ते बरे. रोपवाटिकेतील शेवटचे काही आठवडे रोपांना सावली आणि पाणी हळूहळू कमी करत न्यावे. थेट सावलीतून काळ्या ढिगाऱ्यावर नेलेले रोप दोन दिवसांत माना टाकते.

पहिल्या पावसात लावू नका. पहिला पाऊस वरचा थर भिजवतो आणि मग दहा-पंधरा दिवस उघडीप देतो. गडद शेल आणि कोळशाचा चुरा असलेल्या पृष्ठभागाचे तापमान कडक उन्हात ५० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि रोपाच्या खोडाला जमिनीलगत गोलाकार भाजल्यासारखा डाग पडतो. पाने हिरवी असताना खोड त्या कड्यावर सुकलेले असते. लागवडीआधी पहारीने एक फूट खणून ओल तिथवर पोचली आहे का ते पाहावे, रोपाभोवती गवताचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला चिकटवू नये.

ओबीत नत्र जवळजवळ नसते, म्हणून मुळांवर गाठी येणाऱ्या वनस्पती आणि त्यांना लागणारे जिवाणू, तसेच मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांचा उपयोग करावा. नागपूरच्या नीरी संस्थेने खाणींच्या ढिगाऱ्यांवर जैविक खते आणि साखर कारखान्यातील प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) वापरून केलेले काम याच तत्त्वावर आहे. जिवाणू संवर्धक उन्हात तापलेल्या टेम्पोतून आणू नये. पुडक्यावरची तारीख बरोबर असते आणि आतले जिवाणू मेलेले असतात.

शेवटी एक तक्रार, माझ्याच अनुभवातली. एका ठिकाणी आमच्या रोपांची मोजणी लागवडीनंतर तीन आठवड्यांनी झाली, त्यावर पैसे दिले गेले आणि कागद मिटले. पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः गेले तेव्हा ओळीच्या ओळी काठ्या उभ्या होत्या, काठ्यांना बांधलेली रोपे नव्हती. नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला तरतूदच ठेवलेली नव्हती. मोजणी निदान एक पूर्ण कोरडा हंगाम उलटल्यावर व्हावी. अमेरिकेच्या कायद्यात वर्षाला २६ इंचांपेक्षा अधिक पाऊस असलेल्या भागात वनस्पती टिकवण्याची जबाबदारी ५ वर्षे आणि त्याहून कमी पावसाच्या भागात १० वर्षे खाणचालकावर राहते. कमी पावसाला दुप्पट मुदत का दिली, हे ज्याने एकदा उन्हाळ्यात जळालेली लागवड पाहिली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

हिमरेषा

वरील सर्व चर्चा ठरलेला पावसाळा असलेल्या प्रदेशाला धरून आहे. मी थंड प्रदेशातील कामाशी संबंधित आहे. तिथे तत्त्व तेच राहते, महिने बदलतात. हिवाळ्याचा शेवट आणि वितळणीचा काळ हा मातीला हात न लावण्याचा काळ असतो, कारण वरचा थर चिखल आणि खालचा थर गोठलेला, अशा अवस्थेत पाण्याला खाली जायला वाट नसते. माती हलवण्याची खिडकी उन्हाळ्याच्या मध्यापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत असते. पिशवीविना, उघड्या मुळांची रोपे लावायची तर ती सुप्तावस्थेत, कळ्या फुटण्यापूर्वी लावतात. उशिरा शरदात बारीक मातीत लावलेली रोपे गोठण-वितळणीच्या चक्रात मुळांसह वर उचलली जातात. वसंतात ती जमिनीवर आडवी पडलेली दिसतात आणि एखाद्या प्राण्याने उपटली असावीत असे वाटते.

तळी भरण्याचा हिशेबही ऋतूवर असतो. पूर्व जर्मनीतील लुझात्सिया भागात लिग्नाइटच्या खड्ड्यांची तळी केली गेली. त्यांतील झेंफ्टेनबर्गचे तळे १९६७ पासून पुढे काही वर्षांत भरले. नदीचे पाणी वळवून तळे भरताना ज्या दिवसांत नदीला पाणी भरपूर असते तेच दिवस वापरावे लागतात. उन्हाळ्यात नदी आटली की भरणे थांबते.

निशाचर

थोडक्यात एकच मुद्दा. उघडी तोंडे पावसाळ्यानंतर बंद करण्याचे आराखड्यात लिहिले आहे. आधी आत वटवाघळे आहेत का, ते निदान दोन वेगळ्या ऋतूंत, संध्याकाळी तोंडाबाहेर बसून मोजावे. थंड प्रदेशात ती हिवाळाभर आत निद्रिस्त असतात आणि त्या काळात तोंड भरले तर सगळा थवा आत गाडला जातो. पिल्ले उडू लागण्याआधी तोंड बंद केले तरी तेच होते. जिथे वस्ती सापडेल तिथे तोंड भरण्याऐवजी आडव्या गजांची जाळी बसवतात. माणूस आत जात नाही, वटवाघूळ ये-जा करते आणि हवाही खेळती राहते. मोजणीसाठी कुणीही बोगद्यात उतरू नये. जुन्या कोळसा खाणीत प्राणवायू कमी असू शकतो आणि ते आत शिरेपर्यंत कळत नाही.

खाणसर्वेक्षक

निशाचर यांच्या सूचनेला एक पुरवणी. हवा खेळती राहणे वटवाघळांसाठी चांगले, पण आत कुठे कोळसा तापलेला असेल तर तीच हवा आगीला मिळते. म्हणून पहाटेची तापमान पाहणी आधी व्हावी आणि जाळी की भराव हे त्यानंतर ठरवावे.

नकाशावाला

गेले काही दिवस हा धागा समोर ठेवून आराखडा नव्याने मांडला आहे. वर्षाची सुरुवात आता पाऊस संपण्याच्या आठवड्यापासून होते. पहिल्या पंधरवड्यात झिरपे, भेगा आणि खळगे यांचा नकाशा होईल आणि ओबीचे नमुने गंधकाच्या तपासणीसाठी जातील. थंडीत पहाटे तापमान पाहणी आणि बोगद्यांच्या तोंडांवर मोजणी होईल. त्याच काळात पायथ्याची भिंत, गाळाचे तळे आणि गारलँड ड्रेन पूर्ण झाल्याशिवाय डोझर ढिगाऱ्यावर चढणार नाही, ही अट कार्यादेशातच घातली आहे. उतार घडवणे आणि चुनखडी मिसळणे त्यानंतर येते, मग रिपर, आणि कोरड्या काळाच्या शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात माती पसरणे. पाऊस अपेक्षेपेक्षा आधी आला तर मातीचे काम जिथे असेल तिथे थांबेल आणि उरलेला पट्टा नुसत्या गवतावर वर्ष काढेल, हेही लिहून ठेवले आहे. 'गुळगुळीत' शब्द काढला. रोपांचे पैसे तीन हप्त्यांत विभागले आहेत आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या मोजणीवर आहे.

यावर आमच्याच गटात एक आक्षेप आला. आर्थिक वर्ष संपताना खर्च दिसला पाहिजे, आणि या आराखड्यात त्या महिन्यांत जागेवर एकही रोप दिसणार नाही. भारतात कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये काढलेल्या खाणबंदीच्या मार्गदर्शक सूचनांत बंदीच्या कामासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, दरवर्षी रक्कम भरण्याची तरतूद केली होती, म्हणजे पैसा आधी बाजूला ठेवता येतो हे मी दाखवले. तरी छायाचित्रात काय दाखवायचे हा प्रश्न काहींच्या मनात राहिलाच.

रोपवाटिका

छायाचित्रात गारलँड ड्रेन दाखवा. पाऊस पडल्यावर त्याच जागेवरून दुसरे छायाचित्र घ्या आणि दोन्ही शेजारी लावा.

मृदगंध

साठ्यातील मातीची वळी करून पाहिली का?

नकाशावाला

काल सकाळी पाहिली. साठ्याच्या माथ्यावरची माती बोटांत धरताच भुगा झाली आणि आमचा यंत्रचालक लगेच डंपर बोलवायला निघाला. मी त्याला थांबवून बाजूने हातभर आत कोरले. तिथली माती गार आणि करडी होती. फळीवर वळली तर बोटभर लांबीची, पेन्सिलीपेक्षाही बारीक वळी सरळ उभी राहिली, कुठे तडाही गेला नाही. त्याने ती उचलून वाकवून पाहिली आणि काहीच बोलला नाही. ढिगाचा वरचा थर आता आम्ही बाजूला पसरून वाळवत आहोत आणि आतल्या मालाला ऊन लागू देत आहोत. मातीचे काम तीन आठवडे पुढे ढकलले आहे. रोज सकाळी वळी करण्याचे काम त्यानेच स्वतःकडे घेतले आहे.